अर्भकाची प्रतिरक्षा : एका विषाणूच्या निमित्ताने

तान्ह्या मुलाची रोगप्रतिकारशक्ती दुबळी असते, हे विधान घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यापासून दवाखान्याच्या भिंतीवरील फलकापर्यंत सर्वत्र आढळते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण 'रोगप्रतिकारशक्ती' या सामासिक शब्दातील अखेरचे पद विचाराला एक विशिष्ट वळण लावते. शक्ती म्हटली की ती कमी किंवा अधिक असते. कमी असेल तर ती वाढवावी, हे ओघानेच येते. प्रतिरक्षा ही अशी एकाच मापाने मोजता येण्याजोगी वस्तू आहे, ही समजूत केवळ सामान्य जनांची नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यास ती वैद्यकातील जाणत्यांच्याही विचारात वावरत होती, आणि तिची किंमत १९६६-६७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील काही अर्भकांना द्यावी लागली. तो प्रसंग ज्या विषाणूमुळे घडला तो जगातील जवळजवळ प्रत्येक मुलाला वयाची दोन वर्षे पुरी होण्याच्या आत एकदा तरी गाठतो. म्हणूनच अर्भकाच्या प्रतिरक्षेचे स्वरूप समजून घेण्यास त्याच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

हा विषाणू प्रथम मुलांत सापडला नाही, हे नमूद करण्यासारखे आहे. अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत चिंपांझींच्या एका समूहात पडशाची साथ आली. मॉरिस, ब्लाउंट व सॅव्हेज या संशोधकांनी त्या प्राण्यांपासून एक नवा विषाणू वेगळा काढला व १९५६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी त्यास 'चिंपांझींच्या पडशाचा कारक' अशा अर्थाचे नाव दिले होते. पुढल्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक व त्यांचे सहकारी यांना बाल्टिमोर येथील दोन आजारी अर्भकांत तोच विषाणू आढळला. चिंपांझींना तो बहुधा माणसाकडूनच मिळाला असावा, हे मग उघड झाले आणि नाव बदलणे भाग पडले. नवे नाव 'रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस', व्यवहारात आद्याक्षरांनी आरएसव्ही. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींना हा विषाणू लागला असता शेजारच्या पेशींची आवरणे एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एकच मोठी पेशी बनते. तिला 'सिन्सिशियम' म्हणतात. ग्रीक 'सिन्' म्हणजे सह, आणि पुढील पद पेशीचे वाचक. तेव्हा 'सहपेशी' हा त्याचा सरळ मराठी पर्याय होईल. ('सिन्' पाहून संस्कृत 'सम्'शी नाते जोडण्याचा मोह होतो. तथापि 'सम्'चे ग्रीक सगोत्र 'होमो' हे होय. येथील साम्य केवळ कानाला वाटणारे आहे.)

मोठ्या माणसाला हा विषाणू झाला तर बहुधा साध्या पडशापलीकडे काही होत नाही, आणि तो आयुष्यात पुनःपुन्हा होतो. वृद्ध व हृदय-फुप्फुसांचे जुनाट रोगी हा त्यास अपवाद. अर्भकात मात्र तो नाक व घसा ओलांडून फुप्फुसांतील अगदी बारीक श्वासनलिकांपर्यंत उतरू शकतो. तेथील अस्तराच्या पेशी मरून गळून पडतात, कफ साचतो, नलिकेची भिंत सुजते, आणि आधीच अरुंद असलेली वाट बुजू लागते. नळीतून वाहणाऱ्या द्रवास होणारा रोध हा तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा पदार्थविज्ञानातील नियम हवेच्या संथ प्रवाहासही लागू पडतो. त्रिज्या निम्मी झाली की रोध सोळापट होतो. प्रौढाच्या श्वासनलिकेस जी सूज जाणवणारही नाही, ती दोन महिन्यांच्या मुलाच्या बरगड्या आत ओढावयास लावते. पोट उडू लागते, दूध ओढता येत नाही, आणि थकून श्वास मंदावतो. येथवर प्रतिरक्षेचा प्रश्नच आलेला नाही. हा केवळ मापाचा प्रश्न आहे. अर्भकाच्या आजाराचे सारे खापर प्रतिरक्षेवर फोडण्यापूर्वी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

अर्भकाजवळ जन्मतः असलेली प्रतिरक्षा दोन ठिकाणांहून आलेली असते. एक आईची, उसनी. दुसरी स्वतःची, अननुभवी. उसन्या भागाचा विचार आधी करणे सोयीचे.

आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे परकीय घटकांना ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने, गर्भाकडे वारेतून जातात. ती नुसती पाझरत नाहीत. वारेच्या पेशींत एक विशिष्ट ग्राही प्रथिन असते. ते 'जी' वर्गाची प्रतिपिंडे तेवढी धरून पलीकडे पोहोचविते. हे काम गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जोराने चालते, इतके की पूर्ण दिवसांच्या मुलाच्या नाळेतील रक्तात या प्रतिपिंडांचे प्रमाण आईच्या रक्ताहूनही अधिक भरते. दिवस पुरे होण्याच्या फार आधी जन्मलेले मूल या शिदोरीस मुकते. गाईच्या वारेत अशी सोय नाही; वासराला सारी प्रतिपिंडे चिकातूनच घ्यावी लागतात, आणि त्याचे आतडे पहिल्या दिवसात ती जशीच्या तशी शोषून घेते. ज्या चिकाचा खरवस घरोघर आवडीने खाल्ला जातो, तो वासराच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न असतो. मानवी आईच्या चिकाचे काम वेगळे. त्यातील 'ए' वर्गाची प्रतिपिंडे रक्तात फारशी शिरत नाहीत. घशापासून आतड्यापर्यंतच्या अस्तरावर राहून ती तेथेच राखण करतात. पहिले दूध पिळून टाकून देण्याची जी चाल काही घरांत होती व अद्यापही कोठे कोठे आहे, ती या दृष्टीने घातकच ठरते.

उसनी प्रतिपिंडे टिकतात किती? त्यांचे प्रमाण सामान्यतः तीन ते पाच आठवड्यांत निम्मे होते, पुढील तितक्याच काळात त्याच्या निम्मे. सहा महिन्यांच्या सुमारास त्यांचा विशेष उपयोग उरत नाही. येथे एक कोडे उभे राहते, आणि त्याने संशोधकांना पुष्कळ काळ गुंगविले. रुग्णालयात दाखल कराव्या लागणाऱ्या आरएसव्हीच्या रुग्णांत सर्वाधिक भरणा पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या मुलांचा असतो. म्हणजे आईची प्रतिपिंडे ज्या काळात सर्वांत अधिक, त्याच काळात रोगही सर्वांत उग्र. या योगायोगावरून १९७० च्या सुमारास असा तर्कही पुढे आला की, रक्तातील प्रतिपिंडेच फुप्फुसात विषाणूशी संयोग पावून दाह माजवीत असावीत. तर्क असंबद्ध नव्हता. तो ज्या घटनेवरून सुचला ती पुढे सांगावयाची आहे. परंतु नंतर जेव्हा मुलामुलांची परस्परांशी तुलना करण्यात आली, तेव्हा ज्यांच्या नाळेतील रक्तात आरएसव्हीविरोधी प्रतिपिंडे अधिक, त्यांचा आजार सौम्य किंवा उशिरा असे चित्र दिसले. वयोगटांच्या तुलनेतून निघालेला निष्कर्ष व्यक्तींच्या तुलनेत टिकला नाही. कोवळ्या वयात आजार उग्र होतो तो मुख्यतः नलिका अरुंद म्हणून. प्रतिपिंडे तेथे गुन्हेगार नसून अपुरे पहारेकरी असतात.

आता मुलाच्या स्वतःच्या प्रतिरक्षेकडे वळावयाचे. गर्भाशयात वाढणारा जीव आईच्या दृष्टीने अर्धा परका असतो, आणि आईही त्याच्या दृष्टीने तशीच. दोघांनी परस्परांवर हल्ला न करता नऊ महिने काढावयाचे असतात. म्हणून गर्भाची प्रतिरक्षा दाह माजविण्याकडे नव्हे, तर सोसण्याकडे झुकलेली असते. प्रतिरक्षेस आवर घालणाऱ्या नियामक पेशी त्याच्या शरीरात मुबलक असतात. पीटर मेडावर व त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये उंदरांच्या गर्भात परक्या पेशी घालून दाखविले की, त्या वयात ओळख झालेले परके ऊतक प्राणी पुढे आपलेच मानतो. जन्मानंतरही त्वचा व आतडे यांवर अब्जावधी जिवाणू वस्तीस येतात. त्या प्रत्येकाशी झुंज घेतली तर मूल जगणार नाही. तेव्हा ज्यास दुबळेपणा म्हटले जाते तो पुष्कळ अंशी संयम आहे. त्याचे मोल मात्र विषाणूशी गाठ पडली की चुकवावे लागते.

ते कसे, हे पाहण्याजोगे आहे. विषाणू आत शिरला की पेशी 'इंटरफेरॉन' नावाची प्रथिने सोडून शेजाऱ्यांस सावध करतात. आरएसव्हीच्या दहा जनुकांपैकी दोन जनुके मुख्यतः हा इशारा दाबून टाकण्यासाठीच राबतात. प्रौढात त्यानंतरही दुसरी फळी लवकर उभी राहते. रोगट पेशी हुडकून मारणाऱ्या 'टी' पेशी कामास लागतात. नवजात अर्भकात त्यांना कामास लावणारे रासायनिक संदेश थोडे सुटतात, आणि प्रतिसादाचा कल दुसऱ्या एका प्रकाराकडे जातो. त्या प्रकारात कफ व दम्यासारख्या विकाराशी संबंधित द्रव्ये अधिक निर्माण होतात. पण मूल या आजारात दगावते ते प्रतिरक्षेच्या अतिरेकाने की अभावाने, हा वाद पुष्कळ चालला. आरएसव्हीने मृत्यू पावलेल्या अर्भकांच्या फुप्फुसांची जी तपासणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत विषाणू भरपूर, भक्षक पेशी व पू बनविणाऱ्या श्वेतपेशीही भरपूर, पण मारक 'टी' पेशी फारच थोड्या आढळल्या. उलट बऱ्या होणाऱ्या मुलांच्या रक्तात या मारक पेशींची संख्या शिगेस पोहोचते ती आजार उतरणीस लागल्यावर. निदान नैसर्गिक आजाराच्या बाबतीत तरी पारडे 'अभाव' या बाजूस झुकते, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या 'बी' पेशींची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. प्रतिपिंडाचा आकार सुरुवातीस ओबडधोबड असतो. पुढे लसिका ग्रंथींत त्याच्या जनुकांत बारीक फेरफार होत जातात व जो नमुना विषाणूस अधिक घट्ट चिकटेल त्याची निवड होते. अर्भकाच्या ग्रंथींत ही घासणी नीट सुरू झालेली नसते. एवढ्यावरून त्याची प्रतिपिंडे कुचकामी असतील असे वाटेल. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आरएसव्ही झालेल्या अर्भकांच्या 'बी' पेशी एकेक करून तपासण्यात आल्या, तेव्हा निराळेच दिसले. तीन महिन्यांहून लहान मुलांची प्रतिपिंडे विषाणूच्या पृष्ठावरील थोड्याच ठिकाणांना ओळखत होती व त्यांत फेरफार जवळजवळ नव्हते. तरीही त्यांतील काही विषाणूस समर्थपणे निष्प्रभ करीत होती. म्हणजे घासणी न झालेल्या मूळ भांडवलातही काही हत्यारे धारदार असतात. भाषेच्या अभ्यासकास येथे साहजिकच वर्कर व टीस यांच्या १९८४ मधील प्रयोगाची आठवण होईल. हिंदीतील 'त' व 'ट' यांतील भेद इंग्रजी घरातील सहा-आठ महिन्यांच्या मुलांना कळत होता, वर्षाच्या आतबाहेर तो हरपला होता. साम्य फार ताणू नये. ध्वनींच्या बाबतीत अनुभवाने क्षेत्र आखडते, प्रतिपिंडांच्या बाबतीत ते वाढते. पण अनुभवापूर्वीचे मूल म्हणजे कोरी पाटी, ही कल्पना दोन्ही ठिकाणी सारखीच फसवी आहे.

आता १९६६-६७ चा प्रसंग. पोलिओच्या विषाणूस फॉर्मालिनने मारून केलेली लस १९५५ पासून यशस्वी झाली होती. तीच रीत आरएसव्हीस लावण्यात आली. वॉशिंग्टन येथील अभ्यासात ३१ अर्भकांना ही लस टोचण्यात आली. तुलनेसाठी दुसऱ्या एका विषाणूची लस दिलेला गट होता. लस टोचलेल्या मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे वाढली, आणि 'शक्ती वाढली' असे मानावयास सकृद्दर्शनी काहीच अडचण नव्हती. मग हिवाळ्यात आरएसव्हीची साथ आली. लस घेतलेल्यांपैकी २० मुलांना विषाणू लागला व त्यांपैकी १६ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. तुलनेच्या गटात २१ मुलांना तो लागला; रुग्णालयात गेले एकच मूल. लस घेतलेल्यांपैकी दोन मुले दगावली, एक १४ महिन्यांचे व दुसरे १६ महिन्यांचे. हा वृत्तांत १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर अर्भकांसाठी आरएसव्हीची लस करण्याचे प्रयत्न अनेक दशके जपून, जवळजवळ भीत भीत चालले.

चूक कोठे झाली, याचा उलगडा हळूहळू होत गेला. वाढलेली प्रतिपिंडे विषाणूस चिकटत होती, पण निष्प्रभ करीत नव्हती. चिकटून ती विषाणूसह फुप्फुसात गाळासारखी साचली व तेथे दाह पेटला. सोबत 'टी' पेशींचा तो दम्याकडे झुकणारा प्रतिसाद लसीमुळे आधीच ठरून गेला होता. आणखी खोल कारण २०१३ मध्ये हाती आले. विषाणूच्या पृष्ठावर 'एफ' नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या साह्याने विषाणू पेशीच्या आवरणात मिसळतो. ते चाप लावलेल्या सापळ्यासारखे असते. पेशीला भिडण्यापूर्वी त्याचा एक आकार, चाप सुटल्यावर दुसरा. आणि सुटलेला चाप पुन्हा लागत नाही. खरी उपयोगी प्रतिपिंडे बहुतेक पहिल्या आकारास ओळखतात. जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग व त्यांचे सहकारी यांनी त्या पहिल्या, अस्थिर आकाराची रचना उलगडून दाखविली व तो त्याच स्थितीत जखडून ठेवण्याची युक्ती शोधली. फॉर्मालिनच्या लसीत जवळजवळ सर्व सापळे आधीच सुटलेले असतात, हे २०१६ मध्ये दाखविण्यात आले. अर्भकांना शत्रूची ओळख करून देण्यात आली होती खरी, पण ती त्याने टाकून दिलेल्या वेषाची.

या शोधाचे फळ दोन वाटांनी मिळाले, आणि दोन्ही वाटा अर्भकाच्या स्वतःच्या प्रतिरक्षेस बाजूस ठेवून जातात. पहिली वाट म्हणजे त्या जखडलेल्या प्रथिनाची लस आईस गर्भारपणाच्या अखेरीस देणे, म्हणजे वारेतून जाणारी शिदोरी भारी होते. अशा लसीच्या मोठ्या चाचणीत जन्मानंतरच्या पहिल्या ९० दिवसांतील गंभीर आजारात सुमारे ८२ टक्के घट दिसली. १८० दिवसांचा हिशेब धरला तर ती सुमारे ६९ टक्के भरते. अमेरिकेत तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. दुसरी वाट म्हणजे तयार प्रतिपिंडच मुलास टोचणे. 'निर्सेव्हिमॅब' या प्रतिपिंडास युरोपात २०२२ मध्ये व अमेरिकेत २०२३ मध्ये परवानगी मिळाली. त्यात केलेला एक फेरफार लक्षणीय आहे. वारेतून प्रतिपिंडे वाहून नेणारे जे ग्राही प्रथिन, तेच एरवी शरीरात प्रतिपिंडांना विघटनापासून वाचविते. त्यास अधिक घट्ट धरता यावे अशी या प्रतिपिंडाच्या शेपटाची घडण बदलली आहे. त्यामुळे ते निम्मे होण्यास सुमारे सत्तर दिवस लागतात व एक टोचणी साथीचा एक हंगाम पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या मे महिन्यात या दोन्ही उपायांची शिफारस करणारे निवेदन प्रसिद्ध केले.

२०२० नंतरच्या काळात या चर्चेत एक नवा शब्दप्रयोग शिरला. कोविडच्या निर्बंधांमुळे त्या वर्षीच्या हिवाळ्यात आरएसव्ही अनेक देशांतून जवळजवळ नाहीसा झाला व पुढे अवेळी, जोराने परतला. फ्रेंच बालरोगतज्ज्ञांनी २०२१ मध्ये यास 'प्रतिरक्षेचे कर्ज' म्हटले. समाजापुरता त्याचा अर्थ बरोबर आहे: विषाणूशी अनोळखी मुलांची संख्या साचली होती आणि मातांची प्रतिपिंडेही ओसरली होती. पण वृत्तपत्रांतून तो शब्द एकेका मुलास लावण्यात आला, जणू घरात राहिल्याने मुलाची 'शक्ती' गंजली. तसे मानण्यास आधार नाही. ज्या मुलास विषाणू वर्षभर उशिरा भेटला, त्याच्या श्वासनलिका तेवढ्या काळात रुंद झाल्या होत्या, हे त्याच्या हिताचेच म्हणावयाचे.

२०१९ या वर्षाचा अंदाज असा आहे की, जगात पाच वर्षांखालील मुलांत आरएसव्हीमुळे खालच्या श्वसनमार्गाचे सुमारे ३ कोटी ३० लाख आजार झाले, ३६ लाख मुले रुग्णालयात गेली आणि १ लाखाहून थोडे अधिक मृत्यू घडले. मृत्यूंपैकी ९७ टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते, आणि पुष्कळसे रुग्णालयाबाहेरचे. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात गावपातळीवर करण्यात आलेला व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. त्यात रुग्णालयाच्या नोंदींवर न विसंबता दोन वर्षांखालील मुलांचा मागोवा गावोगाव घेण्यात आला व रुग्णालयाबाहेर झालेले मृत्यूही विचारात घेतले गेले. आईला लस किंवा मुलाला प्रतिपिंड यांचा सर्वाधिक उपयोग जेथे व्हावयाचा ती ठिकाणे हीच. आणि महागडी औषधे व शीतसाखळी पोहोचण्यास कठीण अशीही हीच.

अर्भकास स्वतःची प्रतिरक्षा घडविता येईल अशी लस मात्र अद्याप हाती आलेली नाही. संदेशवाहक आरएनएवर आधारित, 'एफ' प्रथिनाचा तो पहिला, जखडलेला आकारच शिकविणाऱ्या लसीच्या चाचण्या लहान अर्भकांत सुरू झाल्या होत्या. पाच ते आठ महिन्यांच्या मुलांत, लस मिळालेल्या गटात गंभीर आजाराकडे कल दिसल्याने त्या २०२४ च्या जुलैमध्ये थांबविण्यात आल्या. रुग्णांची संख्या लहान होती, आणि १९६६ सारखा प्रकार पुन्हा घडला असे तिच्यावरून ठरविता येत नाही. परंतु आकार बरोबर असूनही असे का व्हावे, हा प्रश्न त्या वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे चर्चेस आला.